बारा मीटर, इंजिन बंद

स्टुटगार्ट, ३ सप्टेंबर २०१९

सन्माननीय श्रीमती श्टाइमले यांस,

नमस्कार. पत्रारंभी 'सप्रेम' लिहिण्याचा प्रघात मला ठाऊक आहे. पण गेली पंचवीस वर्षे आपल्यात एका शब्दाचीही देवाणघेवाण नसल्यामुळे तो शब्द लिहिणे म्हणजे पहिल्याच ओळीत असत्य विधान करणे होईल. म्हणून नुसता नमस्कार. पत्र मी स्वतः रस्ता ओलांडून आपल्या पेटीत टाकत आहे. त्यामागे तिकिटाची काटकसर आहे, सलगी नाही.

विषय माझ्या गाडीचा. ही डिझेल गाडी मी सोळा वर्षांपूर्वी घेतली, ती शंभर किलोमीटरला तीन लिटर पिते म्हणून. त्या काळी वृत्तपत्रे अशा गाडीला भविष्य म्हणत. एप्रिलपासून शहराने तिला बंदी केली आहे, कारण तिचे इंजिन जुन्या मानकाचे आहे. तिच्यावर नवी शुद्धीकरण यंत्रणा बसवावी म्हणून मी तीन कारखाने पालथे घातले. एवढ्या लहान इंजिनासाठी ती कोणी बनवतच नाही. सवलतीचा अर्जही केला. "किती झाडं आहेत तुमची?" असे खिडकीतल्या बाईंनी विचारले. चौदा, म्हणालो. "मग ती हौस झाली, शेती नाही," असे म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

ही चौदा सफरचंदाची झाडे माझ्या वडिलांनी डोंगरपायथ्याला लावली. फळे ऑक्टोबरात उतरवायची असतात आणि पोत्यांनी गाळपाला न्यायची असतात.

आता युक्तिवाद. आपला रस्ता मधोमध दुभागलेला आहे: माझी बाजू शहरात, आपली बाजू हाल्डनवाइलर गावात. गावात बंदी नाही आणि गावातून बागेपर्यंतच्या वाटेवर कोठेही नाही. माझ्या गॅरेजच्या दारापासून आपल्या अंगणाच्या फाटकापर्यंत बारा मीटर भरतात. बंदी गाडी चालवण्यावर आहे. इंजिन बंद ठेवून ढकललेली गाडी चालवली जात नाही, ती हलवली जाते, कपाट हलवतात तशी. सबब, ती आपल्या अंगणात ढकलण्याची व तेथे हंगाम संपेपर्यंत ठेवण्याची अनुमती मिळावी, ही विनंती.

आपला,
गॉटहिल्फ एमान
निवृत्त न्यायाधीश


हाल्डनवाइलर, ६ सप्टेंबर २०१९

सन्माननीय श्रीमान एमान यांस,

नमस्कार, आपण पाठवला तेवढाच परत.

मी पस्तीस वर्षे मुलांना गणित शिकवले. सिद्धतेत मला प्रथम गृहीतके तपासण्याची सवय आहे. सन १९९४ च्या शरदात, चर्चच्या सभागृहात, साऱ्या आळीसमोर आपण एक सिद्धांत मांडला होता. माझ्या अक्रोडाची पाने वाऱ्याने आपल्या पदपथावर पडत, आणि आपण उभे राहून म्हणालात, "झाड ज्याचं, पान त्याचं! वाऱ्यानं सीमा ओलांडली म्हणून पानाचं गाव बदलत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे यजमान ऑयगेन यांनीही वाजवल्या, हे मी त्यांना पुढे बराच काळ विसरू दिले नाही. तेव्हापासून आळीत आठवड्याआठवड्याने दारोदार फिरणारी झाडण्याची पाटी माझ्या दाराला लागली की मी आपली बाजूही झाडते.

तोच सिद्धांत गाडीला लावावा. ढकलली काय, लोटली काय, ती शहराचीच गाडी राहील. माझ्या अंगणात शहराची गाडी नको.

दुसरे असे की, ती कमी पिते हा मुद्दा आपण अभिमानाने मांडता, पण तो गैरलागू आहे. नियम गाडी किती पिते हे विचारत नाही. प्यायल्यानंतर तिच्या तोंडाला कसला वास येतो, हे विचारतो. थोडे पिऊन जास्त घाण वास सोडणारी माणसे आपणही न्यायालयात पाहिली असतील. आपण सकाळी गाडी सुरू करायचात तेव्हा मी खिडकी लावून घेई. याचा माझ्या खोकल्याशी संबंध नाही, मला आवाज आवडत नसे.

तिसरे म्हणजे, भाड्याने टेम्पो मिळतो. तो का घेत नाही? जुलैत आपण लांब दांड्याचा विळा खांद्यावर घेऊन, चित्रातल्या मृत्यूसारखे, गवत कापायला लोकल गाडीने गेलात, ते मी पाहिले. डब्यातले लोक काय म्हणाले असतील, हा विचार मला दोन दिवस पुरला.

आपली,
हिल्डेगुंड श्टाइमले


स्टुटगार्ट, ९ सप्टेंबर २०१९

सन्माननीय श्रीमती श्टाइमले यांस,

नमस्कार.

डब्यातले लोक काहीच म्हणाले नाहीत. ते उठून दुसऱ्या डब्यात गेले. तिकीट तपासनीसाने मात्र विचारले, "आजोबा, कुणाला न्यायला आलात?" मी त्याला तिकीट दाखवले.

सिद्धांताबद्दल: मी १९९४ साली पानाची जबाबदारी कोणाची हे सांगितले, पान कोठे आहे हे नव्हे. गाडीची जबाबदारी माझीच राहील, ती मी नाकारत नाही. पण बंदी गाडी कोणाची यावर नाही, ती कोठे चालते यावर आहे. वासाबद्दलचा आपला मुद्दा मात्र वजनदार आहे. त्यावर मी उत्तर शोधले, सापडले नाही. एवढेच म्हणेन की माझा भाचा योर्ग दोन टनांची पेट्रोल गाडी एकट्याने बसून चालवतो, ती माझ्या गाडीच्या चौपट पिते, आणि तिला शहरात मुक्तद्वार आहे.

भाड्याचा टेम्पो मी घेणार नाही, आणि कारण केवळ पैशाचे नाही. वडील गेले तेव्हा बाग माझ्या नावावर झाली आणि बहिणीला मी शब्द दिला: ज्या वर्षी मी स्वतः, स्वतःच्या गाडीने, सफरचंदे गाळपाला नेऊ शकणार नाही, त्या वर्षी बाग तिच्या मुलाला विकीन. तो मुलगा म्हणजे योर्ग. रविवारी तो आला होता.

"मामा, सोडा ना आता. झाडं काढू, तिथं मस्त लाकडी खोपटं बांधू, शेगडी लावू. तुम्हालाही बोलवत जाईन."

"तिथे पत्र्याचं छप्पर उभारायलाही मनाई आहे."

"ते बघू. आणि मामा, एवढाच जीव अडकलाय तर घाला ना गाडी रस्त्यापलीकडे! बारा मीटर! पहाटे कोण बघतंय?"

"मी बघतोय," मी म्हणालो.

तो हसला. मी का हसलो नाही हे त्याला कळले नाही. आपणांस कळेल, असे मला वाटते, आणि हे वाटणे मी युक्तिवादात धरलेले नाही.

आंबवलेल्या रसाचा एकतृतीयांश आपल्याकडे पोचता करीन. श्रीमान श्टाइमले यांना आमचा हा रस, म्हणजे मोस्ट, आवडत असे. भांडणाआधी ते दोन पेले मागून घेत, आणि भांडणानंतरही, आपल्या नकळत.

आपला,
गॉटहिल्फ एमान


हाल्डनवाइलर, १४ सप्टेंबर २०१९

सन्माननीय श्रीमान एमान यांस,

नमस्कार.

ऑयगेनचे ते पेले माझ्या नकळत नव्हते. तोंडाचा वास हा विषय मी मागील पत्रात उगाच काढला नव्हता.

मोस्टचे आमिष मी विचारात घेतलेले नाही. "मी बघतोय" हे विचारात घेतले आहे. अनुमती देते, पुढील अटींवर.

या शरदात माझ्या दाराची झाडण्याची पाटी आपल्या नावाने राहील. माझी बाजू, आपली बाजू, अंगण आणि फाटकाबाहेरची मोरी, सारे आपण झाडायचे. अक्रोड यंदा कोरड्या उन्हाळ्यामुळे लवकर झडू लागला आहे, हा योगायोग समजावा.

गाडी माझ्या खिडकीखाली सुरू करायची नाही. उताराने ती कोपऱ्यापर्यंत न्यावी, इंजिन तेथे लावावे. पुन्हा सांगते, खोकल्याचा संबंध नाही. हल्ली जिन्यात मी थांबते ती विचार करण्यासाठी.

सीमा मी स्वतः फितीने मोजून खडूने आखीन. नगरपालिकेच्या नकाशावर माझा विश्वास आहे. आपल्या नजरेवर नाही.

आपली,
हिल्डेगुंड श्टाइमले


स्टुटगार्ट, २३ सप्टेंबर २०१९

सन्माननीय श्रीमती श्टाइमले यांस,

नमस्कार. अटी मान्य.

शनिवारी आपण खिडकीतून "कोपरा!" असे ओरडलात. पंचवीस वर्षांनंतरचा आपला पहिला शब्द म्हणून त्याची नोंद घेतली. कोपरा पुन्हा झाडला. आज आपण काहीच ओरडला नाहीत, तेव्हा मी प्रगती झाली असे मानून आत गेलो. तासाभराने पाहतो तो आपण स्वतः हातात झाडू घेऊन तोच कोपरा झाडत होतात. हे करारात बसत नाही. आठवडा ज्याचा, झाडू त्याचा.

पानांचा ढीग आपल्या फाटकाच्या तोंडाशी व्यवस्थित रचून ठेवला आहे. गाडी यायच्या आधी उचलीन.

गाडी येत्या शनिवारी, २८ तारखेला सकाळी हलवू. योर्ग ढकलेल, मी सुकाणूवर बसेन. सुकाणूचे कुलूप उघडावे म्हणून किल्ली एकच खूण फिरवीन, पुढे नाही. माझ्या गाडीत काचा दुसऱ्या खुणेवर उतरतात, त्यामुळे त्या बंद राहतील. कोणी उद्या म्हणू नये की एमानने शहराच्या हद्दीत गाडी चालू केली.

आपला,
गॉटहिल्फ एमान


स्टुटगार्ट, २९ सप्टेंबर २०१९

श्रीमती श्टाइमले यांस,

कालच्या प्रसंगाबाबत माझे म्हणणे नोंदवतो.

योर्गने प्रमाणाबाहेर जोर लावला. व्यायामशाळेचे शुल्क वसूल करण्याची जागा ती नव्हती. आपल्या बाजूला उतार आहे, आणि इंजिन बंद असले की ब्रेकचा पेडल दगडासारखा होतो, हे मी गृहीत धरायला हवे होते. ढीग उचलायचा राहिला होता, तोही दोष माझा. गाडी त्या ढिगात नाक खुपसून थांबली आणि माझ्या बाजूचे दार अक्रोडाच्या बुंध्याला टेकले. पलीकडच्या आसनावर रिकामी पोती छतापर्यंत रचलेली होती. मी आत अडकलो. किल्ली पुढे फिरवली नाही, त्यामुळे काच उतरली नाही, त्यामुळे बाहेरचे काही ऐकू आले नाही.

दिसले मात्र सर्व. आळीत नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूंनी बोलावलेले दोन हवालदार आले, एक शहराचा, एक गावाचा. आपण फीत काढून मागची चाके मोजलीत. खडूची रेघ दाखवलीत. मग माझ्याकडे बोट रोखून बराच वेळ बोललात. गावाच्या हवालदाराने ते वहीत लिहून घेतले. नंतर गाडीला हिसका बसला, ती पुढे सरकली, दार मोकळे झाले. मी उतरलो आणि कोणाशी न बोलता घरी आलो, कारण पक्षकाराने साक्षीदाराशी बोलू नये.

आज सकाळी गाडी जागेवर नाही. ती उचलून नेली असणार. आपण सत्य तेच सांगितले असेल, याबद्दल माझी तक्रार नाही. रेघ आपण आखली होती, चाके रेघेमागे होती. उद्या योर्गला बागेबद्दल कळवीन. झाडण्याची पाटी माझ्याकडे आठवडा संपेपर्यंत राहील.

गॉटहिल्फ एमान


हाल्डनवाइलर, २९ सप्टेंबर २०१९, दुपार

सन्माननीय श्रीमान एमान यांस,

नमस्कार. योर्गला काहीही कळवू नये.

गाडी ऑयगेनच्या कोठारात आहे. काल आपण मान ताठ ठेवून गेलात त्यानंतर योर्गने आणि आमच्या हवालदाराने ती आत ढकलली. आपण आपल्या खिडकीतून कोठाराचे दार पाहू शकता, पण दाराच्या आत पाहू शकत नाही. पुरावा अपुरा असताना निष्कर्ष काढलात. विद्यार्थी असतात तर गुण कापले असते.

आता काचेबाहेर काय झाले ते सांगते. मागची चाके वीतभर शहरात होती, हे खरे. शहराच्या हवालदाराने पहिला प्रश्न विचारला, "आजोबा आत का बसलेत?"

"दार उघडत नाही," मी म्हणाले.

"मग काच खाली घ्या म्हणावं."

"किल्ली फिरवल्याशिवाय काच उतरत नाही, आणि ते किल्ली फिरवणार नाहीत. निवृत्त न्यायाधीश आहेत."

"अरे देवा," तो म्हणाला.

आमचा हवालदार समजूतदार. "हे बघा, इंजिन आमच्या गावात आहे. आमच्याकडे बंदी नाही. चालू करू द्या, वीतभर पुढं घेऊ द्या, मिटलं."

"इंजिन तुमच्याकडे, पण धुराची नळी कुठंय?" शहराचा म्हणाला. "आमच्याकडे! सगळा धूर शहरात सुटणार. बंदी कशावर आहे, धुरावरच ना?"

"मग मागं ढकला."

"चढावर? तुम्ही ढकला."

"मागची बाजू तुमची म्हणालात ना आत्ता?"

योर्ग म्हणाला, "मी एक सुचवू का—" आणि दोघे एकदम म्हणाले, "तुम्ही गप्प बसा. ढकललीत तुम्हीच."

तेव्हा मी आपल्याकडे बोट दाखवले. माझे शब्द असे होते: "हा माणूस अर्धा तास आत उकडतोय. किल्ली फिरवली असती तर वीतभर पुढं आला असता आणि कुणाला कळलंही नसतं. फिरवली नाही. मी खिडकीतून पाहिलंय. आणि हा काही स्वतःहून अडकला नाही, उतारानं आला. पान येतं तसा आला." आपल्या सिद्धांताचा हा उपयोग आपल्या लक्षात आला नव्हता, असे दिसते.

आमच्या हवालदाराने वहीत लिहिला तो गाळपाच्या ठिकाणाचा पत्ता. त्याच्या सासूची सहा झाडे आहेत.

मग मी झाडू आणला. ढीग झाडून काढला. त्याच्या तळाशी आपण छाटलेल्या फांद्या दडवल्या होत्या, हे मला तेव्हा कळले. त्याविषयी स्वतंत्रपणे बोलू. फांद्या निघाल्या तशी गाडी आपल्याच वजनाने वीतभर पुढे आली आणि चारही चाके गावात बसली. आपल्याला हिसका बसला तो हा. आठवडा आपला होता, झाडू माझ्या हातात होता. करारभंग मला मान्य आहे.

आता पुढचे. गाडी कोठारात राहील. दर खेपेला ती कोपऱ्यापर्यंत उताराने नेताना कोणीतरी पुढे उभे राहून ओरडायला हवे, आणि ते योर्ग नको. मी येईन. बागेतही येईन. डॉक्टर डोंगराची हवा सांगतात, त्याला खोकला हे निमित्त आहे.

एक शेवटचा मुद्दा. काल आपली गाडी सुटली तेव्हा मी ओरडायला सुरुवात केली होती, "श्रीमान एमान, आपण कृपया ब्रेक—" आणि तेवढ्यात आपण ढिगात होतात. औपचारिकतेला लागणारा वेळ या उताराला परवडत नाही. एकेरीवर येण्याचा प्रस्ताव वयाने मोठ्या असलेल्याने मांडायचा असतो, आणि आपल्या दोघांत मी अकरा महिन्यांनी मोठी आहे. तरी प्रस्ताव मर्यादित ठेवते: गाडीच्या आत आणि गाडीच्या कामापुरते 'तू'. बाहेर पूर्ववत 'आपण'. लेखी मान्यता कळवावी.

आपली,
हिल्डेगुंड श्टाइमले


हाल्डनवाइलर, २० ऑक्टोबर २०१९

प्रिय हिल्डेगुंड,

सप्रेम नमस्कार.

मान्यता कळवायला तीन आठवडे लागले, कारण प्रस्तावात त्रुटी शोधत होतो. दरम्यान आपण दोघांनी चार खेपा केल्या. चारही वेळा तू "थांब!" एवढेच ओरडलीस आणि मी थांबलो. त्रुटी मिळाली नाही.

काल गाळपवाल्याने विचारले, "या मॅडम कोण?" तू म्हणालीस, "मी यांचा ब्रेक." तो हसला तेव्हा मीही हसलो. योर्ग पोती उचलायला आला होता. त्याने एकवार मला, एकवार तुला पाहिले आणि शेगडीचा विषय काढला नाही. बाग विकायची नाही, हे मी बहिणीला कळवले आहे.

तुझ्या वाट्याचा रस कोठारात पिंपात ठेवला आहे, बूच सैल ठेव. अक्रोडाखालचा कोपरा झाडला आहे. ढिगाखाली काही नाही, हवे तर झाडूने उचकटून बघ.

गावाच्या सूचनाफलकावर वाचले: पुढच्या वर्षी हाल्डनवाइलरही बंदीचा विचार करणार आहे. मी हरकत घेणार नाही. बागेत दोन दिवस दुपारभर तू एकदाही खोकली नाहीस, आणि कोपऱ्यावर मी इंजिन लावले तेव्हा खोकलीस. बाराव्या पत्रापर्यंत तू त्याचा संबंध नाही असे लिहीत राहशील, पण माझ्यापुरता पुरावा पुरेसा आहे. ही गाडी शेवटी ठेवायची की नाही, हा आता प्रश्न आहे. फळे कशी न्यायची, यावर आपण दोघे युक्तिवाद करू. योर्गच्या दोन टनांच्या गाडीत पोती पुष्कळ मावतात, ही शक्यता मी आधी नीट तपासली नव्हती. बहिणीला दिलेल्या शब्दाबद्दलही तिच्याशी बोलीन. शब्द मी दिला, झाडांनी नाही.

तुझा,
गॉटहिल्फ

ता. क. — करारानुसार गाडीबाहेर 'आपण' म्हणणे बंधनकारक आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणून हे पत्र मी तुझ्या कोठारात, गाडीत बसून लिहिले. इंजिन बंद आहे.